कंपाउंड बोच्या रेस्टचा आवाज: खरखर, ठक आणि झिणझिण

झिरोमाईल | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. केबलवर चालणारा ड्रॉप-अवे रेस्ट (बाण टेकायचा आधार, बाण सुटला की खाली पडणारा), ५० पाउंड ओढीवर लावलेला टार्गेट बो (चाकं-केबलचं कंपाउंड धनुष्य), कार्बनचे बाण. आवाज तीन येऊन राहिले:

१. ओढताना खरर्र, आणि शेवटच्या चार-पाच इंचांत किंचाळल्यासारखं.
२. बाण सुटला की ठक.
३. त्यामागून अर्धा सेकंद बारीक झिणझिण.

लाँचरवर (रेस्टचा बाण धरणारा भाग) कंपनीने लावलेला फेल्ट मे महिन्याच्या उन्हात सुटला. आता उघडं ॲल्युमिनियम आहे. नेटवर जे सापडतं ते सगळं अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी. फेल्ट कोणता, किती जाड, कशाने चिकटवायचा, आणि नागपुरात काय मिळतं?

तर्रीपोहे | सोमवार, रात्री ९:५२

हार्मोनियम दुरुस्तीवाल्याकडून नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा फेल्ट) तुकडा आणा, फेविक्विक लावा, झालं. पाच मिनिटांचं काम आहे भाऊ, एवढं काय त्यात.

नॉकपॉइंट | सोमवार, रात्री १०:३०

तर्रीपोहे, नमदा चालेल, फेविक्विक अजिबात नाही. ते पातळ असतं, नमद्यात शोषलं जातं आणि वाळून दगड होतं. दोन दिवसांनी लाँचरवर मऊ कापड नाही, सँडपेपर बसलेला असतो आणि आवाज आधीपेक्षा मोठा. वर ते काढताना लाँचरचा रंगही निघतो.

झिरोमाईल, तुम्ही तिन्ही आवाज वेगळे लिहिले हे बरं केलं. फेल्टने फक्त पहिला आवाज जातो. बाकी दोघांवर फेल्ट चिकटवणं म्हणजे ताप मोजायचा सोडून थर्मामीटर धुणं.

पहिला आवाज घर्षणाचा. कार्बनची नळी आतून पोकळ, त्यामुळे तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी लहानशी खरखर मोठी करून ऐकवते. केबलवरच्या रेस्टमध्ये ओढायला सुरुवात करताना लाँचर खाली असतो. म्हणजे सुरुवातीची खरर्र ही बाण शेल्फवर (मुठीच्या वरची सपाट जागा) किंवा खाली पडलेल्या लाँचरवर घासतो त्याची, आणि शेवटचं किंचाळणं लाँचर वर येऊन बाण उचलतो तेव्हाचं. जागा दोन आहेत. नुसता लाँचर मढवला तर अर्धा आवाज तसाच राहील. शेल्फवर आणि शेल्फलगतच्या रायझरच्या (बोचा मधला धातूचा भाग) आतल्या भिंतीवरही पट्टी हवी.

किंचाळण्याचं कारण बहुधा बाणावर आहे. फोमच्या टार्गेटमध्ये घुसताना घर्षणाने फोम वितळतो आणि नळीच्या पुढच्या भागावर त्याचा पातळ चिकट थर बसतो. ओढून झालं की लाँचरवर नेमका तोच भाग आलेला असतो. चिकट नळी लाँचरला क्षणभर धरते, सुटते, परत धरते. दरवाजाची बिजागरी करकरते तसंच हे. आधी एक बाण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (मेडिकलमध्ये मिळतं), वाळू द्या आणि न पुसलेल्या बाणाशी तुलना करा. फरक पडला तर निम्मा प्रश्न तिथेच मिटला. व्हेन (बाणाच्या मागची पंखं) चिकटवलेल्या भागाकडे मात्र फडकं नेऊ नका.

ठक हा आवाज मात्र गंभीर. त्यात तीन संशयित: लाँचर शेल्फवर आपटतो, लाँचर आपटून परत उसळतो, किंवा व्हेन लाँचरला लागून जाते. पहिला त्रासदायक आहे एवढंच. बाकी दोन गुण खातात.

झिणझिण म्हणजे काहीतरी ढिलं आहे. ते रेस्टच असेल असं नाही.

संत्रा_बर्फी | सोमवार, रात्री १०:४४

गुण खातात म्हणजे किती, हाही अंदाज असू द्या. ५० मीटरला ८० सेंमीच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ८ सेंमी व्यासाचं. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला जगज्जेता झाला तो अंतिम सामना १५०–१४९ असा सुटला. पंधराच्या पंधरा बाण दहात, आणि अंतर एका गुणाचं. व्हेन लाँचरला चाटून गेली तर दहाचा नऊ व्हायला तेवढं पुरतं.

शिकाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल: त्यांना हरणाने ऐकू नये एवढीच काळजी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, आणि पेंच-ताडोबा शेजारी असूनही ते बरंच आहे. त्यामुळे ‘सगळीकडे जाड रबर लावा’ हा त्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. त्यांचं लक्ष्य वीस-तीस मीटरवर, आपलं पन्नासवर.

बर्डीकर | मंगळवार, सकाळी ७:१५

नागपुरात काय मिळतं त्याचं उत्तर:

मऊ बाजूचं वेल्क्रो, मागे गोंद असलेलं: शिवणकामाच्या सामानाच्या दुकानांत, इतवारी-गांधीबागेत. दोन पट्ट्या जोडीने मिळतात. हुकांची बाजू टाकून द्या, फक्त केसाळ मऊ बाजू घ्या. सुमारे २ मिमी जाड भरते. शेल्फसाठी उत्तम, लाँचरसाठी जाड.

वेल्वेट पेपर, मागे गोंद असलेला: बर्डीवर स्टेशनरीच्या दुकानात, दागिन्यांच्या डब्यांना आतून लावतात तो. अर्धा मिमीच्या आसपास. लाँचरला हाच बरा. झिजतो लवकर, पण बदलायला दोन मिनिटं.

हार्मोनियमचा नमदा: दाट, टिकाऊ, साधारण २ ते ३ मिमी. लाँचर खाली येऊन टेकतो त्या जागेसाठी.

हीट श्रिंक नळी: कोणत्याही इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात मीटरवर मिळते. दोन काड्यांचा रेस्ट असेल तर हीच वापरा. ही नळी निम्म्यापर्यंत आकसते. ३ मिमीच्या काडीला ४ मिमीची घ्या. ६ ची घेतली तर कशीबशी धरते आणि दोन आठवड्यांत फिरायला लागते.

डबल साइड फोम टेप कोणी सुचवली तर ऐकू नका. नागपूरच्या मे महिन्यात तिचा गोंद पातळ होऊन बाजूने बाहेर येतो, त्यावर मैदानाची धूळ बसते, आणि मग बाण त्या लगद्यावरून ओढायचा.

झिरोमाईल | मंगळवार, सकाळी ८:०२

बर्डीकर भाऊ, धन्यवाद. गोंद कंपनीचाच पुरतो का? मागच्या वेळी उन्हातच सुटला होता.

बर्डीकर | मंगळवार, सकाळी ८:२०

बहुतेक वेळा गोंद वाईट नसतो, खालचा धातू तेलकट असतो. जुना गोंद अल्कोहोलने भिजवून लाकडी आइसक्रीमच्या काडीने खरवडा, ब्लेडने नाही. ॲसिटोन आणि थिनर प्लास्टिकच्या लाँचरला लावू नका, पृष्ठभाग विरघळतो. स्वच्छ झाल्यावर पुन्हा एकदा अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. बोटाचं तेल पुरतं.

तरीही उन्हाची भीती असेल तर फेविबाँडसारखा रबरी गोंद. दोन्ही बाजूंना अगदी पातळ थर, दहा-एक मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचं. ओला असताना दाबला तर सरकतो आणि नमद्यात मुरतो. रात्रभर तसाच ठेवा.

कंपास | मंगळवार, दुपारी १:१०

जाडीचा हिशोब कोणी मांडत नाही, म्हणून मांडतो. लाँचर व्ही आकाराचा असेल तर १ मिमी फेल्टने बाण १ मिमी उचलला जात नाही. दोन्ही भिंतींवर फेल्ट आल्यामुळे नळी वर ढकलली जाते. व्हीचा कोन ९० अंशांचा असेल तर १ मिमीला सुमारे १.४ मिमी. कोन ६० अंशांचा असेल तर पूर्ण २ मिमी. (फेल्टची जाडी भागिले अर्ध्या कोनाचा साइन.)

म्हणजे वेल्वेट पेपर लावला तर अर्ध्या मिमीने पाऊण मिमी उचल, हार्मोनियमचा ३ मिमी नमदा लावला तर सव्वाचार. दुसऱ्या बाबतीत नॉकची (बाणाच्या मागची, स्ट्रिंगवर बसणारी खाच) उंची, साईट (नेम धरायचं साधन), सगळं बिघडलं. म्हणून लाँचरला पातळच लावा, आणि लावल्यावर रेस्ट तेवढाच खाली घ्या. आधी व्हर्नियर कॅलिपरने रायझरच्या एखाद्या ठरलेल्या बिंदूपासून बाणाच्या वरच्या कडेपर्यंतचं माप लिहून ठेवा. नंतर तेच माप परत आणायचं. आठवणीवर हे काम होत नाही.

नॉकपॉइंट | मंगळवार, दुपारी १:३५

कंपासने महत्त्वाचं सांगितलं. एक भर: फेल्ट नवा असताना फुगीर असतो, पन्नास-साठ बाणांनंतर दबतो. त्यामुळे साईटचं शेवटचं बारीक जुळवणं पहिल्या दिवशी करू नका.

हातमाग_ताई | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

वेल्वेटला ‘दिशा’ असते, ते कोणी बोललं नाही. कापडावर बोट एका बाजूने गुळगुळीत फिरतं, उलट बाजूने अडतं. लव तुमच्याकडे झुकलेली हवी, म्हणजे बाण ओढताना लवेच्या दिशेने सरकेल. उलटी लावली तर ओढताना सूक्ष्म खसखस राहते आणि कापड दुप्पट वेगाने झिजतं.

कापण्याचं म्हणाल तर: आधी कागदाचा नमुना काढा, लाँचरवर गुंडाळून बघा. पट्टी दोन्ही कडांवरून खाली २–३ मिमी वळेल एवढी मोठी. चारही कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचकतो. जोड किंवा टोक बाणाच्या वाटेत येऊ देऊ नका. कात्री धारदार हवी, नाहीतर कडेचे धागे लोंबतात आणि व्हेनच्या वाटेत येतात.

तर्रीपोहे | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

ताई, पण बाण सुटतो तेव्हा तर उलट दिशेने जातो ना? मग लव आडवी येणार नाही का? दोन्ही बाजूंनी मार.

हातमाग_ताई | मंगळवार, संध्याकाळी ६:३१

ड्रॉप-अवेमध्ये सुटल्यावर लाँचर लगेच खाली जातो, लवेवरून बाण सरकतो तो थोडाच. ओढताना मात्र तो हळू आणि दाबून सरकतो, आवाज तिथेच होतो. ब्लेडच्या रेस्टवर (बाण पातळ स्टीलच्या पट्टीवर टेकतो तो) तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण ब्लेडवर वेल्वेट लावूच नये.

पातळब्लेड | मंगळवार, रात्री ८:४५

ब्लेडचा विषय निघालाच आहे तर. इथले बरेच टार्गेटवाले स्प्रिंग स्टीलच्या ब्लेडवर मारतात, त्यांच्यासाठी.

ब्लेड ०.००८, ०.०१० आणि ०.०१२ इंच अशा जाडीत येते. बाण सुटताना ती खाली दबते आणि परत येते, हेच तिचं काम. तिच्यावर कापड चिकटवलं की वजन वाढतं, परत यायची गती बदलते, आणि टार्गेटवर बाणांचा गट उभा पसरतो. आवाज घालवायच्या नादात ट्यूनिंग घालवू नका. ब्लेड आवाज करत असेल तर क्रमाने बघा:

ब्लेड पकडणारा स्क्रू. ब्लेडच्या बुडाशी मळ किंवा गंज असेल तर स्क्रू घट्ट असूनही ब्लेड थरथरते. काढा, दोन्ही पृष्ठभाग पुसा, परत बसवा.

ब्लेडच्या मधोमध, वाकते तिथे बारीक तडा. उन्हात धरून आरपार बघा. तडा असेल तर आवाज करकर असा येतो आणि काही दिवसांत ती तुटते. ब्लेड म्हणजे खपायचीच वस्तू, दोन जादा ठेवा.

जाडीची निवड. जड बाणाखाली ०.००८ ची ब्लेड होल्ड करतानाच थरथरते, ओढताना टप-टप ऐकू येतं. ०.०१० ला जा. उलट हलक्या, बारीक बाणाखाली ०.०१२ ताठ पडते.

इनडोअरचे ९.३ मिमीचे जाड बाण आणि आउटडोअरचे बारीक एकाच रुंदीच्या ब्लेडवर मारत असाल तर बारीक बाण खाचेत खोल बसतो आणि खाचेच्या कडा नळीला खरडतात. रुंदी बदला. कडा चकचकीत करायच्या असतील तर २००० नंबरचा ओला पॉलिश पेपर, दोन-तीन हात, बस्स.

अंबाझरी | मंगळवार, रात्री ९:१०

ब्रशवाला गोल रेस्ट (ज्यातून बाण केसांमधून ओढतात) आमच्या क्लबमधल्या नवशिक्यांकडे असतो. त्याचा खस्स आवाज कसा घालवायचा?

नॉकपॉइंट | मंगळवार, रात्री ९:२२

पूर्ण जात नाही, तो त्याचा स्वभाव आहे. केसांत धूळ बसली की वाढतो: कोरड्या टूथब्रशने झाडा, तेल-सिलिकॉन काहीही नको. खालचे ताठ केस मधून पसरून दरी पडली असेल तर आतलं चक्र बदला. व्हेन खालच्या ताठ केसांवरून जात नाहीत एवढं बघा. पुढे बोलण्यासारखं त्यात फार काही नाही.

झिरोमाईल | मंगळवार, रात्री १०:१५

आता ठकवर बोला. तीन संशयित वेगळे कसे करायचे?

नॉकपॉइंट | मंगळवार, रात्री ११:००

तीन चाचण्या, याच क्रमाने.

पहिली, लिपस्टिक. लाँचरच्या वरच्या दोन्ही टोकांना आणि आतल्या कडांना पातळ लिपस्टिक फासा. एक बाण मारा. व्हेनवर किंवा नळीच्या मागच्या चार इंचांवर रंग आला तर व्हेन लागते आहे. नळीच्या पुढच्या भागावर रंग येणं साहजिक, त्याने घाबरू नका. तीन वेगवेगळ्या बाणांवर करा, कारण एखाद्याच बाणाचा नॉक फिरलेला असू शकतो.

दुसरी, फोन. २४० फ्रेमचा स्लो मोशन, बाजूने, शूटिंग लाइनच्या मागूनच. ५० पाउंडांच्या बोतून बाण तीन-चार फ्रेममध्ये निघून जातो, त्यामुळे व्हेन लागली का हे फोनवर दिसेलच असं नाही, त्यासाठी लिपस्टिकच. पण लाँचर खाली आपटून परत उसळतो का, हे फोनवर स्वच्छ दिसतं.

तिसरी, हाताने. बो स्टँडवर, बाण नाही, ओढायचं नाही. लाँचर बोटाने वर करून सोडा. जो ठक ऐकू येतो तोच मारताना येत असेल तर धातू धातूवर आपटतो आहे. तिथे हार्मोनियमचा नमदा किंवा दीड-दोन मिमी मऊ रबर. पण इथेच लोक फसतात: गादी जाड झाली की लाँचर तेवढा कमी खाली जातो, आणि जो व्हेनला लागत नव्हता तो लागायला लागतो. गादी लावल्यावर लिपस्टिकची चाचणी पुन्हा. आवाज गेला आणि व्हेनवर रंग आला तर सौदा तोट्याचा.

व्हेन लागत असेल तर दोरीचं टायमिंग. केबलवरच्या रेस्टमध्ये ओढण्याच्या शेवटच्या एक ते दोन इंचांत लाँचर पूर्ण वर पोचायला हवा. लवकर पोचला तर सुटल्यावर तेवढाच उशिरा खाली जातो, आणि व्हेन येऊन धडकते. दोरी केबलला जिथे धरली आहे तिथे चंदेरी मार्करने खूण करा, क्लँप किंचित ढिला करा, दोरी २ मिमी सोडा, घट्ट करा, परत बघा. एका वेळी २ मिमीपेक्षा जास्त नाही. तपासताना टार्गेटकडे तोंड करून, बाण लावूनच ओढा; जोडीदाराने बाजूला उभं राहून लाँचर बघायचा. बाणाशिवाय ओढून हात सुटला तर केबल, कॅम (टोकाची चाकं), लिंब (बोचे वाकणारे हात), सगळ्यांची वाट लागते.

एक गोष्ट नक्की: केबलच्या पिळाला हात लावायचा नाही. ते प्रेसवरचं (लिंब दाबून केबल सैल करणारं यंत्र) काम आहे.

संत्रा_बर्फी | बुधवार, सकाळी ७:४०

लिंबवर दोरी बांधलेला रेस्ट असेल तर उलटं. तिथे स्प्रिंग लाँचर वर करते, आणि दोरी त्याला खाली धरून ठेवते. बो न ओढता नुसता उभा असताना लाँचर खाली टेकलेला हवा, पण दोरी तारेसारखी ताणलेली नको. जास्त ताणली तर लिंब परत येताना शेवटचा झटका रेस्टच्या आसाला बसतो, तोच ठक, आणि काही महिन्यांत दोरी क्लँपपाशी तुटते. दोरी लिंबच्या कडेला किंवा केबलला घासत असेल तर वेगळीच सूं येते. त्या जागी दोरीवर हीट श्रिंकचा इंचभर तुकडा.

आणि हीट श्रिंक तापवताना रेस्ट बोवरून काढूनच तापवा. आजच्या स्ट्रिंगचे धागे १५० अंशांच्या आसपास वितळतात, आणि त्याच्या बऱ्याच खालीही मऊ पडतात. लायटर बोजवळ नकोच. हेअर ड्रायर पुरतो.

झिरोमाईल | बुधवार, सकाळी ८:३०

लिपस्टिकचा निकाल: तीनपैकी दोन बाणांवर खालच्या एका व्हेनच्या कडेला रंग. लाँचर वर पोचतो तो शेवटच्या साडेतीन इंच आधीच. म्हणजे दोरी आखूड.

झिणझिण अजून आहे. रेस्टचे सगळे स्क्रू घट्ट केले, एकाचं डोकं गोल झालं.

ॲलन_की | बुधवार, सकाळी ९:०५

डोकं गोल झालं कारण मिमीची चावी लावली असणार. बहुतेक बो आणि रेस्ट इंचात बनतात. हार्डवेअरच्या दुकानात सेट मागितला की मिमीचाच हातात देतात. हिशोब बघा: ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, ५ ची जातच नाही, ४.५ ची आत फिरते. १/८ म्हणजे ३.१८, ३ ची ढिली, हीच सगळ्यात जास्त डोकी खाते. ३/३२ म्हणजे २.३८; २.५ जात नाही, २ फिरते. ५/३२ आणि ४ मिमी, किंवा ५/६४ आणि २ मिमी, जवळजवळ बसतात, पण ‘जवळजवळ’वर भरवसा नको. इंचाचा सेट वेगळा मागून घ्या.

रेस्ट रायझरला धरणारा बोल्ट ५/१६ इंचाचा, इंचाला २४ आट्यांचा. तो पोलादी, रायझर ॲल्युमिनियमचा. जोर लावून आवळला तर आटे रायझरचे जातात, बोल्टचे नाही. चावीची आखूड बाजू बोटांत धरून आवळा, लांब बाजूने नाही. काही रेस्टला न फिरण्यासाठी एक लहान स्क्रू बाजूने रायझरवर टेकवायचा असतो. तो विसरला की बोल्ट कितीही घट्ट असो, रेस्ट केसभर फिरतो आणि थरथरतो.

स्क्रू पुन्हा पुन्हा ढिले होत असतील तर लॉकटाइट. निळं, २४२ किंवा २४३. अगदी बारीक स्क्रूला जांभळं २२२. लाल कधीच नाही, ते उघडायला तापवावं लागतं. आटे अल्कोहोलने धुवा, एकच थेंब, २४ तास मारू नका. प्लास्टिकच्या भागात ते जाऊ देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

पातळब्लेड | बुधवार, सकाळी ९:३०

झिणझिण शोधायची रीत: बो उभा धरा, स्ट्रिंग ओढायची नाही, फक्त बोटाने सतारीसारखी हलकी छेडा. झिणझिण ऐकू आली की एकेका वस्तूवर बोट ठेवत पुन्हा छेडा: रेस्ट, साईटचा आडवा दांडा, साईटची काच, स्टॅबिलायझरचं शेवटचं वजन, केबल गार्ड, स्ट्रिंग स्टॉप. ज्यावर बोट ठेवल्यावर आवाज थांबतो, चोर तो. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने रायझरवर हलकं ठोकूनही हेच कळतं.

आणि ओढताना करकर येत असेल, खरखर नाही, तर रेस्टकडे बघूच नका. ती बहुधा केबलची सरकपट्टी कोरडी पडल्याची, किंवा लिंब बसतो त्या खोबणीत धूळ गेल्याची. दुसरं असेल तर प्रेस असलेल्या माणसाकडे न्या.

तर्रीपोहे | बुधवार, दुपारी १२:१५

आणि रेस्टच्या आसात डब्ल्यूडी-४० मारलं तर? सगळं सुळसुळीत.

बर्डीकर | बुधवार, दुपारी १२:२२

अरे बाप्पा, नाही. ते फवारतं सगळीकडे. फेल्टमध्ये मुरतं, गोंद सोडवतं, आणि आसात धूळ धरून ठेवतं. आस खरंच अडकत असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकाने, जादा लगेच पुसायचं. किंवा कोरडी ग्रॅफाइट पूड.

अंबाझरी | बुधवार, दुपारी ४:००

बाण सहज उपटावेत म्हणून काही जण नळीला सिलिकॉन चोळतात. त्याने रेस्टचा आवाजही कमी होतो म्हणे?

नॉकपॉइंट | बुधवार, दुपारी ४:२०

दोन दिवस होतो. मग तेच सिलिकॉन फेल्टमधून गोंदापर्यंत झिरपतं आणि पट्टी उचकते. त्या जागी नवा गोंदही धरत नाही. चोळायचंच असेल तर टोकाकडच्या सहा-आठ इंचांना आणि कोरडं पुसून. तसंही पूर्ण ओढल्यावर तोच भाग लाँचरवर येतो हे लक्षात असू द्या. त्यापेक्षा बाण उपटायला रबरी पकड वापरा.

झिरोमाईल | शनिवार, रात्री ८:१०

केलेलं आणि निघालेलं असं:

बाण अल्कोहोलने पुसले: किंचाळणं गेलं, फेल्ट लावायच्या आधीच. खरर्र राहिली.

शेल्फवर वेल्क्रोची मऊ बाजू, लाँचरवर वेल्वेट पेपर, लव आपल्याकडे: खरर्र गेली. बाण कॅलिपरने ०.८ मिमी वर आला, रेस्ट तेवढाच खाली घेतला.

दोरी तीन वेळा मिळून ५ मिमी सोडली: लाँचर आता शेवटच्या दीड इंचात वर पोचतो. लिपस्टिक व्हेनवर नाही. ठक राहिला पण बारीक. खाली नमद्याचा २ मिमी तुकडा लावल्यावर तोही गेला. पुन्हा लिपस्टिक केली, व्हेन कोरड्या.

झिणझिण: स्ट्रिंग छेडून बघितली. रेस्ट नव्हताच. साईटच्या आडव्या दांड्याचा पकड-स्क्रू.

एकच राहिलं: पावसाळ्यात फेल्ट ओला झाला तर काय?

हातमाग_ताई | शनिवार, रात्री ८:३५

ओला फेल्ट फुगतो, बाण उचलतो, आणि दाबला की पाणी नळीवर येतं. पावसात मारायचं असेल तर लाँचरवर वेल्वेटऐवजी हीट श्रिंक किंवा गुळगुळीत टेफ्लॉनची चिकटपट्टी, पाणी धरत नाही. आवाज वेल्वेटपेक्षा किंचित जास्त येईल. शेल्फवरचं वेल्क्रो राहू द्या. जाडी बदलते, म्हणून दोन्हींची मापं रेस्टवर वेगवेगळ्या रंगाच्या बारीक रेघांनी नोंदवा, म्हणजे बदलताना पुन्हा सगळं जुळवायला नको.

आणि कापलेल्या पाच-सहा जादा पट्ट्या गोंदाचा कागद न काढता औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत मात्र ती डबी नको, आणि बोही नको.

कंपास | शनिवार, रात्री ८:५०

टेफ्लॉनची पट्टी ०.१ मिमीची असते तशी ०.२५ चीही. घेताना दुकानात कॅलिपर लावून बघा. पाकिटावर लिहिलेली जाडी बऱ्याचदा गोंदाशिवायची असते.